निळ्या बाळांचा कारागीर : व्हिव्हियन थॉमस

गेल्या महिन्यात वडगावच्या बाजाराच्या दिवशी एक तरुण जोडपे माझ्या घरी आले. नवरा सेंट्रिंगच्या कामावर जाणारा, बायको पाच महिन्यांची गरोदर, कडेवर अडीच वर्षांची मुलगी. अंगणवाडीतल्या तपासणीत डॉक्टरांनी मुलीच्या छातीला नळी लावली आणि हृदयात वेगळा आवाज येतो म्हणून पुढे पाठवले. कोल्हापुरात टूडी इको झाला. हृदयाला छिद्र आहे, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल, असे सांगण्यात आले. रडली की पोरीचे ओठ निळे पडतात, चालता चालता ती मध्येच उकिडवी बसते, हे आईला कितीतरी दिवसांपासून दिसत होते. तिने सांगूनही घरात कोणी मनावर घेतले नव्हते. आता मात्र सगळे घर तिच्यावरच उलटले. सासूचे म्हणणे, पहिल्या खेपेला हिने ग्रहण पाळले नाही. आणखी कोणी म्हणाले, माहेरचाच दोष. नवरा बिचारा गप्प होता. त्याच्या मनात एकच प्रश्न घोळत होता, पोटातल्या बाळालाही असेच असेल काय?

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर शाळेत शिकवले एवढेच. पण त्या बाईची मान खाली गेलेली पाहून मला राहवले नाही. बाळाचे हृदय गर्भात तिसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान घडते. आपल्याला दिवस गेले आहेत हे पुष्कळ बायकांना कळायच्या आतच ते काम बरेचसे उरकलेले असते. जगभरात शंभर बाळांमागे साधारण एका बाळाच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. त्यातल्या बहुतेकांचे नेमके कारण सापडत नाही. काही कारणे माहीत आहेत. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला झालेला रुबेला, ताब्यात नसलेला मधुमेह, काही औषधे, काही आनुवंशिक दोष. जवळच्या नात्यातले लग्न हेही एक आहे, आणि मामाची पोरगी करायची आपल्या भागातली हौस पाहता यावर आपण उघड बोलले पाहिजे. ग्रहण या यादीत कुठेच नाही. ग्रहण अमेरिकेतही लागते, तिथल्या बायका त्या वेळी खुशाल भाजी चिरतात.

हे सगळे मी त्यांना सांगितले. मग एका माणसाची गोष्ट सांगितली. वाचकहो, ती गोष्ट आपणही ऐकावी म्हणून आजचा हा लेख. ज्या आजाराने त्या पोरीचे ओठ निळे पडतात, त्या आजारावर पहिला इलाज करून दाखवणाऱ्या तीन माणसांपैकी एक जण सुताराचा मुलगा होता, काळा होता, आणि त्याला डॉक्टर होता आले नाही. त्याचे नाव व्हिव्हियन थॉमस.

थॉमस यांचा जन्म २९ ऑगस्ट १९१० रोजी अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात झाला. गुलामगिरी कायद्याने संपून पंचेचाळीस वर्षे झाली होती, पण शाळा वेगळी, नळ वेगळा, गाडीतला डबा वेगळा, हे सगळे शाबूत होते. आपल्या वाचकांना हे समजावून सांगावे लागत नाही. मार्च १९२० मध्ये आपल्याच हातकणंगले तालुक्यातील माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराज बाबासाहेबांचे नेतृत्व जनतेपुढे ठेवत होते, तेव्हा हा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात बापाच्या हाताखाली रंधा मारायला शिकत होता. वडील सुतारकाम करीत. पर्ल हायस्कूल या काळ्यांच्या शाळेतून तो १९२९ साली उत्तीर्ण झाला. डॉक्टर व्हायचे हे त्याने आधीच ठरवले होते. कॉलेजच्या फीसाठी तो कामे करून पैसे साठवत होता.

त्या उन्हाळ्यात फिस्क विद्यापीठात त्याला सुतारकाम मिळाले. तिथली एक आठवण त्याने पुढे जपून ठेवली. झिजलेल्या फरशीच्या जागी त्याने लाकडाचा नवा तुकडा बसवला. मुकादमाने पाहिले आणि हे चालणार नाही, नवा तुकडा ओळखू येतो, एवढेच सांगून तो निघून गेला. पोराने तुकडा उखडला आणि पुन्हा असा बसवला की जुने कुठे संपले व नवे कुठे सुरू झाले हे त्याला स्वतःलाही सांगता येईना. ही फरशी वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

ऑक्टोबर १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. हातचे काम गेले. फेब्रुवारी १९३० मध्ये एका मित्राच्या ओळखीने व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक नावाच्या तरुण सर्जनच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची नोकरी मिळाली. पगार आठवड्याला बारा डॉलर. थोडे दिवस इथे काढू, मग कॉलेजला जाऊ, असा त्याचा बेत होता. काही महिन्यांतच नॅशव्हिलच्या बँका बुडाल्या आणि साठवलेले सगळे पैसे त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टर होण्याचे स्वप्न तिथेच संपले.

पण हात थांबले नाहीत. प्राण्यांवर शस्त्रक्रिया करणे, रसायनांची मोजमापे घेणे, नोंदी लिहिणे हे सगळे तो ब्लॅलॉक यांच्याकडून शिकला. लवकरच प्रयोगशाळा तोच चालवू लागला. सुरुवातीच्या दिवसांत एकदा ब्लॅलॉक त्याच्यावर भडकले आणि शिवीगाळ केली. थॉमस यांनी कामाचे कपडे उतरवले, स्वतःचे घातले आणि मला असे बोलून घ्यायला वाढवलेले नाही, हवे तर आत्ता जातो, असे शांतपणे सांगितले. ब्लॅलॉक यांनी माफी मागितली आणि पुन्हा तसे होणार नाही असा शब्द दिला. एकोणीस वर्षांचा काळा पोरगा, मंदीचा काळ, बाहेर काम नाही, आणि समोर गोरा डॉक्टर. स्वाभिमान पोट भरल्यावर सुचतो असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग वाचावा.

त्या दोघांनी मिळून जखमेनंतर येणाऱ्या शॉकचा अभ्यास केला. शरीरातले रक्त आणि पाणी कमी झाल्याने माणूस दगावतो हे त्यांनी दाखवले, आणि दुसऱ्या महायुद्धात या ज्ञानाने असंख्य सैनिक वाचले. हे काम करणाऱ्या थॉमस यांची विद्यापीठाच्या दप्तरी नोंद काय होती? झाडूवाला! काम संशोधकाचे आणि पगार सफाई कामगाराचा. काळ्या सहकाऱ्याशी बोलताना ही गोष्ट कळली तेव्हा त्यांनी जाब विचारला, मग पगार वाढला. त्यांचा भाऊ हॅरॉल्ड शिक्षक होता. गोऱ्या शिक्षकांपेक्षा काळ्यांना पगार कमी का, म्हणून त्याने नॅशव्हिलच्या शिक्षण मंडळावर खटला भरला. त्याच्या बाजूने थरगूड मार्शल उभे राहिले, जे पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायमूर्ती झाले. खटला जिंकला. एका भावाने कोर्टात लढाई केली, दुसऱ्याने प्रयोगशाळेत.

१९४१ साली ब्लॅलॉक बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात सर्जरीचे प्रमुख झाले. थॉमस सोबत येणार असेल तरच, अशी त्यांची अट होती. हॉपकिन्समध्ये तेव्हा काळी माणसे दिसत ती झाडताना-पुसताना. स्वच्छतागृहेही वेगळी होती. पांढरा कोट घातलेला काळा माणूस व्हरांड्यातून जाऊ लागला की लोक थबकून बघत. त्या नजरा टाळण्यासाठी प्रयोगशाळेतून साहेबांच्या कार्यालयात जाताना थॉमस कोट काढून ठेवत.

आता त्या निळ्या बाळांकडे येऊ. निळा रंग आपल्याला प्रिय आहे, पण बाळाच्या ओठांवर, जिभेवर, नखांवर आलेला निळा म्हणजे धोका. हृदयाच्या उजव्या बाजूचे अशुद्ध रक्त फुप्फुसात जाऊन प्राणवायू घेऊन यायला हवे. फॅलोच्या आजारात ती वाट अरुंद असते, खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असते, महारोहिणी त्या छिद्रावर सरकलेली असते आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड झालेली असते. असे चार दोष एकत्र आले की अशुद्ध रक्त फुप्फुसाला वळसा घालून थेट अंगात जाते. बाळ निळे पडते. मूल उकिडवे बसते ते खोडी म्हणून नाही, तसे बसल्याने फुप्फुसाकडे थोडे जास्त रक्त जाते, हे त्याचे शरीर त्याला शिकवते. १९४४ पूर्वी अशा बाळांच्या आईबापांना डॉक्टरांकडे देण्यासारखे काहीही नव्हते. बाळ किती दिवस काढील एवढाच प्रश्न असे.

हॉपकिन्समध्ये या बाळांकडे पाहणाऱ्या डॉ. हेलन टॉसिग याही बाजूला सारलेल्याच होत्या. बाई म्हणून हार्वर्डने त्यांना वैद्यकीची पदवी द्यायचे नाकारले होते. पुढे ऐकू येईनासे झाले तेव्हा त्या बाळाच्या छातीवर बोटे ठेवून ठोके वाचत. त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. गर्भात असताना महारोहिणी आणि फुप्फुसाची धमनी यांना जोडणारी एक छोटी नळी असते, ती जन्मानंतर मिटते. ज्या निळ्या बाळांची ही नळी उघडी राहते ती बरी तग धरतात, आणि ती मिटली की बाळ खालावते. मग अशी नळी माणसाने तयार केली तर? बोस्टनच्या एका नामवंत सर्जनला त्यांनी विचारले, त्यांनी लक्ष दिले नाही. १९४३ मध्ये त्यांनी ही कल्पना ब्लॅलॉक आणि थॉमस यांच्यापुढे ठेवली.

उसाला पाणी देणाऱ्या आपल्या माणसाला ही शस्त्रक्रिया चटकन समजेल. मुख्य पाट गाळाने भरला आहे, शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. पाट उपसण्याचे साधन हाताशी नाही. मग दुसरीकडे जाणारी एक चारी फोडून ती त्या वाफ्याकडे वळवायची. हाताकडे जाणारी धमनी कापायची आणि तिचे टोक फुप्फुसाच्या धमनीला जोडायचे. हाताला बाजूच्या छोट्या वाहिन्यांतून रक्त मिळत राहते. सांगायला सोपे आहे. पण बाळाची ती धमनी काडीएवढी असते आणि जोड गळला तर मूल टेबलावरच जाते.

हा जोड जमवण्याचे काम थॉमस यांच्याकडे आले. जवळपास दोन वर्षे आणि सुमारे दोनशे कुत्री. आधी कुत्र्यात निळ्या बाळासारखी अवस्था निर्माण करायची, मग ती दुरुस्त करायची. त्या मुक्या जिवांचे ऋण या हकिगतीत आहे, ते लपवू नये. दीर्घकाळ जगलेली पहिली कुत्री ॲना, तिची तसबीर हॉपकिन्सच्या भिंतीवर लागली. एवढ्या बारीक कामाची हत्यारे बाजारात मिळत नव्हती. थॉमस यांनी सुया तोडून, घासून स्वतः तयार केल्या, चिमटे जुळवून घेतले. इथे सुताराचा हात कामी आला.

२९ नोव्हेंबर १९४४. टेबलावर ऐलीन सॅक्सन नावाची सुमारे दीड वर्षाची मुलगी, वजन चार किलोच्या आसपास. ब्लॅलॉक यांनी ही शस्त्रक्रिया कुत्र्यावर थॉमस यांचा मदतनीस म्हणून जेमतेम एकदा केली होती. थॉमस यांनी ती शेकडो वेळा केली होती, पण माणसाला हात लावण्याचा अधिकार त्यांना नव्हता. ब्लॅलॉक यांनी त्यांना बोलावून घेतले आणि आपल्या खांद्यामागे एका स्टुलावर उभे केले. टाका कुठून घ्यायचा, दिशा बरोबर आहे काय, अंतर किती ठेवायचे, हे थॉमस मागून सांगत होते आणि देशातला नावाजलेला गोरा सर्जन ऐकत होता. पुढच्या अनेक शस्त्रक्रियांतही ती जागा थॉमस यांचीच राहिली.

ऐलीन त्या दिवशी वाचली. हेही सांगितले पाहिजे की काही महिन्यांनी ती पुन्हा निळी पडू लागली आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर जगली नाही. पण वाट सापडली होती. फेब्रुवारी १९४५ मध्ये सहा वर्षांच्या एका मुलाचे ओठ टेबलावरच गुलाबी झाले. बातमी पसरली. देशभरातून आणि परदेशांतून आईबाप आपली निळी लेकरे घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. वर्षभरात दोनशेहून अधिक मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या.

मे १९४५ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात या कामाचा अहवाल छापून आला. त्यावर दोन नावे होती, ब्लॅलॉक आणि टॉसिग. थॉमस यांचा आभारातही उल्लेख नव्हता. जगभर या शस्त्रक्रियेला त्या दोघांचे नाव पडले. एकलव्याचा अंगठा मागणारे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. इथे तर अंगठा शाबूत ठेवून, त्याच्याकडून काम करून घेऊन नाव तेवढे कापले.

ब्लॅलॉक यांना खलनायक ठरवून मला मोकळे व्हायचे नाही. त्यांनी थॉमस यांना शिकवले, त्यांच्यावर विसंबले, त्यांच्यासाठी वरिष्ठांशी भांडले. पण त्याच घरच्या मेजवान्यांत थॉमस जादा पैशांसाठी मद्याचे पेले भरून देत, आणि दिवसा ज्यांना शस्त्रक्रिया शिकवल्या तेच तरुण डॉक्टर संध्याकाळी पाहुणे असत. माणूस चांगला असून व्यवस्था कशी चालू राहते, हे समजून घ्यायचे असेल तर ब्लॅलॉक यांच्याइतके चांगले उदाहरण मिळणार नाही. पगारासाठी थॉमस अडून बसले तेव्हा १९४६ मध्ये तो वाढला. त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य मांडले होते.

त्याच सुमारास थॉमस यांनी आणखी एक काम केले. काही बाळांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांची अदलाबदल झालेली असते. त्यांना जगवण्यासाठी वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला वाट करून देण्याची शस्त्रक्रिया त्यांनी प्रयोगशाळेत यशस्वी केली. ब्लॅलॉक यांनी जोड तपासला, बोट फिरवून पाहिले, टाका कुठे आहे तेच दिसेना. फिस्क विद्यापीठातली ती फरशी इथे पुन्हा बसवली गेली होती. या शस्त्रक्रियेलाही नाव लागले ते दुसऱ्या दोन डॉक्टरांचे.

१९४७ मध्ये त्यांनी पुन्हा कॉलेजचा विचार केला. चौकशी केली तेव्हा कळले की आजवरच्या कामाचा एक गुणही धरला जाणार नाही, पहिल्या वर्षापासून बसावे लागेल. डॉक्टर होईपर्यंत पन्नाशी आली असती. घरी पत्नी क्लारा आणि दोन मुली होत्या. त्यांनी तो विचार सोडला. त्यांनी शिकवलेले तरुण मात्र अमेरिकेतल्या मोठमोठ्या रुग्णालयांत हृदयशस्त्रक्रियेचे प्रमुख झाले.

१९६४ मध्ये ब्लॅलॉक वारले. १९६८ मध्ये थॉमस यांच्या हाताखाली शिकलेल्या सर्जनांनी वर्गणी काढून त्यांची तसबीर करून घेतली आणि ती हॉपकिन्समध्ये ब्लॅलॉक यांच्या तसबिरीशेजारी लागली. १९७६ मध्ये विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली, तीही नियमाच्या अडचणीमुळे वैद्यकाची नव्हे, कायद्याची. शिक्षकवर्गात नेमणूकही झाली. हॉपकिन्समध्ये पाऊल टाकून तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती. १९७९ मध्ये ते निवृत्त झाले आणि आत्मचरित्र लिहू लागले. २६ नोव्हेंबर १९८५ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पुस्तक काही दिवसांनी छापून आले. २००४ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला. अलीकडे काही डॉक्टर त्या शस्त्रक्रियेच्या नावात थॉमस हे तिसरे नावही लिहू लागले आहेत.

आज फॅलोच्या आजारात बहुतेक मुलांचे छिद्र बुजवून वाट मोकळी करण्याची पूर्ण शस्त्रक्रिया होते. फार लहान किंवा अशक्त बाळांना मात्र आजही थॉमस यांच्या जोडाचे सुधारलेले रूप वापरतात, धमनी न कापता बारीक कृत्रिम नळी टाकून.

हे सगळे ऐकल्यावर त्या सेंट्रिंगवाल्या बापाने खर्चाचे विचारले. त्याचे उत्तर आपल्या प्रत्येक वस्तीत माहीत असायला हवे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासतात. जन्मजात हृदयविकार त्यात येतो आणि पुढचा उपचार मोफत करायचा असतो. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतही लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया आहेत. तपासणीच्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. दूध पिताना बाळाला घाम येतो, दोन घोट पिऊन ते दमते, वजन वाढत नाही, सारखा छातीत कफ होतो, ओठ किंवा जीभ निळी दिसते, यातले काहीही दिसले तर दृष्ट काढत बसू नका, डॉक्टरांना हृदय तपासायला सांगा. सगळीच छिद्रे वाईट नसतात हेही खरे. काही लहान छिद्रे आपोआप बुजतात, डॉक्टर नुसती नजर ठेवतात.

आणि पोटातले बाळ? पहिल्या मुलाला असा दोष असेल तर दुसऱ्याला असण्याची शक्यता थोडी वाढते, साधारण शंभरात दोन-चार. म्हणजे शंभरातली नव्वदहून अधिक बाळे या बाबतीत निर्धोक असतात. पाचव्या महिन्याच्या आसपास, अठरा ते बावीस आठवड्यांत, गर्भातल्या बाळाच्या हृदयाचा वेगळा इको करता येतो. दोष आधी कळला तर बाळंतपण कुठे करायचे, जन्मल्याबरोबर कोणते औषध द्यायचे, हे ठरवून ठेवता येते. त्या नळीला मिटू न देणारे औषधही आता आहे.

परवा ते दोघे पुन्हा आले होते. या वेळी सासूबाईही सोबत होत्या. गर्भाचा इको झाला होता आणि चारही कप्पे नीट दिसले होते. सासूबाईंनी पडद्यावर ते इवलेसे हृदय उघडमीट करताना स्वतः पाहिले होते. ग्रहणाचा विषय कोणी काढला नाही. मोठीची कागदपत्रे मुंबईला गेली आहेत, रेशनकार्डावरच्या नावातली एक चूक दुरुस्त करायची राहिली होती, तीही झाली. शस्त्रक्रियेची तारीख अजून आलेली नाही. बोलणे चालू असताना पोरगी माझ्या अंगणात उकिडवी बसून खडे गोळा करीत होती.